पंधरा इंची कागद

खोक्याची जाळी काढली तेव्हा आत स्पीकर नव्हता, उंदराचा संसार होता.

म्हणजे स्पीकर होता. लोखंडी सांगाडा होता, मागे ताटाएवढा चुंबक होता, तारा होत्या. पण ज्याच्यातून आवाज बाहेर पडतो तो नरसाळ्यासारखा कागदी कोन मात्र उंदराने कुरतडला होता आणि त्याचा कापूस करून एका कोपऱ्यात बाळंतिणीची खोली थाटली होती. बिऱ्हाड जुनं होतं. मंडळी केव्हाच दुसरीकडे राहायला गेली होती. जाताना झाडून मात्र गेली नव्हती.

मी गॅलरीत स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून, मयताला बसावं तसा बसलो होतो. वरच्या मजल्यावरचे शेजारी कठड्यावरून वाकून बघत होते. त्यांच्या घरात भिंतीएवढा पडदा आणि सहा दिशांना सहा स्पीकर आहेत, म्हणून आम्ही त्यांना थिएटरवाले म्हणतो.

"काय हो, काय झालं?"

"बायकोचा बेस गेला," मी म्हणालो.

"अरेरे!" ते कळवळून म्हणाले. "कुत्रा होता की मांजर?"

तर बेस म्हणजे बेस गिटार. चार जाड तारांचं वाद्य. बँडमध्ये पुढे उभा राहून केस उडवतो तो गिटारवाला वेगळा. त्याच्या मागे, ड्रमच्या आडोशाला, जेमतेम हलत एक माणूस उभा असतो आणि आपण काही वाजवतोय याचा कुणाला संशयही येऊ देत नाही, तो बेसवाला. त्याने हात थांबवला की लोक इकडेतिकडे बघायला लागतात. काहीतरी गेलं एवढं कळतं, काय गेलं ते कळत नाही.

माझी बायको बेस वाजवायची. मी पहिल्यांदा तिला ऐकलं ते एका हॉलमध्ये, फुकटच्या पासावर, बाजूच्या मोडक्या खुर्चीत बसून. ऐकलं तरी कसं म्हणू? कानात काही आलंच नाही. आवाज आला तो खुर्चीच्या पाठीतून, आणि तिथून सरळ बरगड्यांत. मी मान उंच करून बघितलं तर ड्रमच्या आडोशाला एक मुलगी, कपाळावर आठ्या घालून, आपल्याच बोटांकडे बघत उभी. तिच्याशी लग्न करण्यावाचून माझ्यापुढे मार्ग उरला नाही. तिच्यापुढे बरेच होते, पण ती भिडस्त निघाली.

लग्नानंतरही काही वर्षं ती वाजवत होती. मग कधी बंद झालं ते सांगता येत नाही, कारण बंद केलं असं ती कधी म्हणालीच नाही. खोक्यावर आधी इस्त्रीचे कपडे आले. मग रद्दी आली. मग मुलगा शाळेत, मग कॉलेजात, मग परगावी नोकरीला. तोवर खोका गॅलरीत गेला होता आणि त्याच्यावर कुंड्या आल्या होत्या. गिटार हिच्या धाकट्या भावाकडे माळ्यावर गेली. घरात आवाज उरले ते कुकरचे आणि बातम्यांचे. आमचं बोलणंही गोळ्या घेतल्यास का, पाणी भरलंस का, एवढ्यावर आलं होतं. भांडण नव्हतं. भांडणाला निदान दोन्हीकडून आवाज लागतो.

आणि एका दुपारी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर ही टेबलाशी एकटी बसलेली. डावा हात टेबलाच्या कडेवर, आणि बोटं एकेक करून दाबली जातायत, सुटतायत. तर्जनी, मधलं, अनामिका. पुन्हा तर्जनी. डोळे मिटलेले. कपाळावर त्याच आठ्या!

"काय करतेस?" मी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली आणि हात मांडीवर घेतला.

ही आतल्या आत वाजवतेय! इतकी वर्षं झाली, आणि बिचारी टेबलाच्या कडेवर वाजवतेय! मी पाणी न पिताच बाहेर आलो आणि ठरवलं, खोका दुरुस्त करायचा. हिला कळू न देता.

त्या दिवसापासून मला जिकडेतिकडे बेस ऐकू यायला लागला. लिफ्टच्या मोटरमध्ये, ट्रकच्या घरघरीत, भिंतीतून जाणाऱ्या पाण्याच्या पाइपात. एकदा तर मला जिन्यात पाइपावर हात ठेवून उभं असलेलं खालच्या बाईंनी पाहिलं आणि हिला विचारलं, "मिस्टरांना बरं नाही का?"

आता माझ्याविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. नट, बोल्ट, वायसर, गॅस्केट. माझ्या हाताखालून कमी मापाचा वायसर कधी आत गेलेला नाही. पुरवठादार माझ्यासमोर बसताना आधी घाम पुसतात. त्यामुळे एक पंधरा इंची कागदी नरसाळं विकत घेणं हे माझ्या दृष्टीने काम नव्हतंच, विरंगुळा होता.

थिएटरवाल्यांचा गैरसमज दूर झाल्यावर ते खालीच आले. म्हणाले, "साहेब, बेस म्हणजे काय? हवा ढकलणं. हवा ढकलायला काय लागतं? वजन. कागद कसला घेताय? थांबा."

आणि त्यांनी आपल्या जुन्या सेटमधला एक वूफर आणून दिला. काय वस्तू होती! कोन डांबरासारखा काळा आणि जाड, कडेला अंगठ्याएवढी रबराची वळी. दोघांनी मिळून उचलावा लागला. "यावर सिनेमातला भूकंप लावला होता," ते अभिमानाने म्हणाले, "तर आमच्या सासूबाई खरंच बाहेर पळाल्या."

मला ती शिफारस पुरेशी वाटली.

गिटार आणायला मेव्हण्याकडे गेलो. तो स्वभावाने सावध आहे.

"ताईला सांगितलंय?" त्याने माळ्यावरून गिटार खाली देताना विचारलं.

"सरप्राइज आहे."

"भावोजी, ताईला सरप्राइज चालत नाही. लहानपणी तिच्या वाढदिवसाला मी दारामागे लपून भॉक केलं, तर तिने आधी थोबाडीत दिली आणि मग कोण आहे ते बघितलं."

पण गिटार त्याने सोडली नाही. स्वतःच घेऊन आला. ताईने लहानपणी शिकवलेली एकच ओळ त्याला येत होती, टुम-टुडुम-टुम. ती पुन्हा वाजवायला मिळणार म्हणून त्याचेही हात शिवशिवत असावेत.

ही एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. ती कामावर गेलेली बघून आम्ही तिघं जमलो. वूफर खोक्यात बसवला, जुना अँप्लिफायर जोडला, मेव्हण्याने तार ओढली.

कुणीतरी ओली गादी जिन्यावरून खाली ओढत आणतंय असा आवाज झाला. मेव्हण्याने दुसरा स्वर वाजवला, पण गादीचं दुसरं टोक अजून पहिल्याच पायरीवर होतं. टुम-टुडुम-टुमचं नुसतं 'घूंऊऊम' झालं. बोट तारेला लागल्याची जी खूण स्वराच्या सुरुवातीला असते, ती औषधालाही नव्हती. तो जड कोन भूकंपासाठी ठीक होता, भूकंपाला ताल लागत नाही. त्याला हलवायला बिचारा अँप्लिफायर धापा टाकत होता.

"आवाज वाढवा!" थिएटरवाले ओरडले.

मी वाढवला. अँप्लिफायरमधून जळकट वास आला, फ्यूज गेला, आणि दारावरची बेल वाजली.

दारात इमारतीचे सेक्रेटरी. ते बरोब्बर आमच्या खाली राहतात.

"आमच्या कपाटाचं दार आपोआप उघडलं," ते म्हणाले. "आतून माझी जुनी टोपी बाहेर आली. हा काय प्रकार आहे?"

मी प्रकार सांगितला. त्यांनी खोक्याभोवती एक फेरी मारली.

"लाउडस्पीकरला परवानगी लागते."

"अहो, हा लाउडस्पीकर नाही, घरातला स्पीकर आहे."

"स्पीकर आहे ना?"

"आहे."

"लाउड आहे ना?"

थिएटरवाल्यांकडे मी आशेने पाहिलं, तर ते गॅलरीतल्या कुंड्या मोजत होते. त्यांच्या सहा स्पीकरांनाही परवानगी नव्हती.

परवानगीच्या कार्यालयात एकच खिडकी होती आणि खिडकीत एक कारकून होते. चेहरा असा की समोरच्याने काही मागण्याआधीच नाही म्हणून झालंय. त्यांनी अर्ज पुढे ओढला.

"कार्यक्रमाचं स्वरूप? सभा, मिरवणूक, लग्न, प्रचार?"

"यातलं काही नाही. बायको गिटार वाजवणार आहे."

"म्हणजे लग्न?"

"लग्न झालंय."

"प्रेक्षक किती?"

"एक."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "वक्ता कोण?"

"कोणी बोलणार नाही."

"कोणी बोलणार नाही तर लाउडस्पीकर कशाला? उद्देश काय लिहू?"

मागे रांग उभी होती. उद्देश! आमच्या विभागात कुठल्याही मागणीपत्रावर उद्देश लिहिल्याशिवाय मी सही करत नाही. आणि इथे माझाच रकाना कोरा होता.

"हिचा आवाज पुन्हा ऐकायचाय," मी म्हणालो.

कारकुनांचं पेन थांबलं. ते खालच्या आवाजात म्हणाले, "बोलत नाहीत का त्या?"

"तसं नाही हो. बोलतो आम्ही."

"आमच्याकडे तर मुळीच नाही," ते म्हणाले आणि एकदम कामाला लागले. "हे बघा, 'इतर' हा रकाना बंद झालाय. सभेला वक्ता लागतो, लग्नाला वधू-वर. मिरवणुकीला फक्त मार्ग लागतो. मार्ग कुठून कुठे?"

"कुठून कुठेच नाही. गॅलरीशेजारच्या खोलीत."

त्यांनी शिक्का मारला. मी बाहेर येऊन वाचलं, 'मिरवणूक, जागच्या जागी'.

सेक्रेटरींचं समाधान झालं. नको इतकं झालं. त्यांनी तो कागद सभासदांच्या माहितीसाठी खालच्या फलकावर लावला. मी काढायला गेलो, तर फलकाला काचेचं दार आणि दाराला कुलूप. किल्ली सेक्रेटरींच्या खिशात, आणि सेक्रेटरी बहिणीकडे गेलेले. सुदैवाने हिला फलक वाचायची सवय नाही, असं मी स्वतःला समजावलं.

वजनाचा मार्ग चुकीचा ठरला होता. मग उलटा मार्ग घ्यायचा, हलका आणि कडक. हे माझं मीच ठरवलं, आणि ठरवलं ते खरेदी अधिकाऱ्याच्या तडफेने. स्पीकरच्या दुकानात गेलो. दुकानदार टेबलावर कोपर टेकून बसला होता.

"पंधरा इंची हवाय. मजबूत. फाटणार नाही, कुजणार नाही, उंदीर खाणार नाही असा."

त्याने आतून एक चकाकतं प्रकरण आणलं. ॲल्युमिनियमचा कोन. मी टिचकी मारली. मी वाकवून बघायचा प्रयत्न केला. आयुष्यात पहिल्यांदाच मला एखाद्या मालात खोट काढता आली नाही. दुकानदार म्हणाला, "साहेब, हा तुमच्या नातवंडांना पुरेल." नातवंडांचा अजून पत्ता नाही, पण त्यांची सोय झाली म्हणून मला बरं वाटलं.

दुसरी चाचणीही दुपारचीच. नवा फ्यूज, नवा कोन, तेच तिघं. मेव्हण्याने तार ओढली.

या वेळी सगळं ऐकू आलं. फार ऐकू आलं. मेव्हण्याचं बोट तारेवरून घसरलेलं ऐकू आलं, त्याची अंगठी गिटारला लागलेली ऐकू आली, तार खालच्या पट्टीवर आपटलेली ऐकू आली. नव्हता तो फक्त स्वर. आवाजाला पोटच नव्हतं! आधी गादी होती, आता नुसतं पलंगाचं लोखंड. आणि त्याने तार जरा जोरात ओढली की त्या खणखणाटाबरोबर तो कडक कोनही वरच्या पट्टीत असा किंचाळायचा, की फरशीवर झाकण पडलं असं वाटावं.

"हळू वाजव!" मी म्हणालो.

"हळू वाजवलं तर काहीच येत नाही, भावोजी!"

"मग जोरात वाजव!"

झाकणं पडायला लागली. थिएटरवाल्यांनी कानात बोटं घातली. त्या गदारोळात दाराचं कुलूप उघडल्याचं कुणाला ऐकू जाणार?

"मिरवणूक किती वाजता निघणारेय?" मागून आवाज आला.

दारात ही. खांद्याला पर्स, पायात चपला तशाच.

मेव्हण्याने गिटार पडद्याआड लपवली. पडदा गुडघ्यापर्यंतच होता. थिएटरवाल्यांना घरी दूध उतू गेल्याचं आठवलं. मेव्हणा म्हणाला, "ताई, मी निघतो, गाडी चुकीच्या जागी लावलीय," आणि चालत आलेला तो माणूस भराभर जिना उतरून गेला.

आम्ही दोघं उरलो. तिने पर्स ठेवली आणि खोक्यासमोर जमिनीवर बसली. चकाकत्या कोनाकडे बघितलं, बाजूला पडलेल्या थिएटरवाल्यांच्या वूफरकडेही बघितलं. हसली नाही, चिडलीही नाही. यापेक्षा थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

"कशासाठी हे?"

"तू टेबलावर वाजवत होतीस," मी म्हणालो. "स्वयंपाकघरात. मी पाहिलं तुला. मला वाटलं, हिला किती आठवण येत असेल. आणि खरं सांगायचं तर मलाही..."

तिने डावा हात पुढे केला आणि उलटसुलट करून बघितला, जसा दुसऱ्या कुणाचा हात बघावा.

"ते वाजवणं नव्हतं रे. तो डॉक्टरांनी दिलेला व्यायाम आहे. या तीन बोटांना काही लागत नाही. मनगटातली नस दबलीय."

"कधीपासून?"

"बरेच दिवस. आधी मुंग्या यायच्या. आता टोकांना कळतच नाही. शीर बोटाला लागत नाही माझ्या. माणूस समोर हात पुढे करून बसतो आणि मी नुसती चाचपत राहते. परवा एका आजींना पुन्हा टोचावं लागलं. त्याच मला म्हणाल्या, असू दे बाळ."

हिच्या बोटांना शीर सापडत नाही! आमच्या इमारतीतली लोकं लॅबमध्ये जाऊन सांगतात, त्याच बाईंना बोलवा, आम्हाला कळतसुद्धा नाही कधी टोचलं.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"ऑपरेशन. छोटंच आहे म्हणे. मीच टाळतेय. हात आहे तेवढाही गेला तर?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तू लगेच तीन कोटेशनं मागवली असतीस."

मला राग यायला हवा होता. पण ते खरं होतं. मी खाली बघितलं. पंधरा इंची चकाकत्या ॲल्युमिनियममध्ये माझा चेहरा दिसत होता, रुंद आणि मूर्ख. मी हिची आठवण काढत गावभर हिंडत होतो, पाइपांना हात लावत होतो, आणि ही माझ्यासमोर टेबलाशी बसून आपली बोटं शोधत होती.

"जुना कोन फेकलास?" तिने विचारलं.

फेकला नव्हता. उंदराने सोडलेली कड मी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली होती. का ते माहीत नाही. तिने ती कड उजव्या हातात घेतली, पाखरू धरावं तशी.

"या गोल गोल वळ्या दिसतात? पाण्यात खडा टाकल्यासारख्या? खालचा स्वर असला की अख्खा कागद एका अंगाने पुढेमागे होतो. बोटाची टिचकी असली की बाहेरचा भाग मागेच राहतो, मधला तेवढा हलतो. या वळ्यांशी तो वाकतो. आणि ही कड कापडाची, चुण्यांची. कोनाला सोडते, पण फार लांब जाऊ देत नाही. वरच्यांचं रबर उठायलाच तयार नाही, आणि तुझा हा पत्रा वाकायला तयार नाही."

"तू माझ्याबद्दल बोलतेयस का?"

"कोनाबद्दल बोलतेय."

आता ती खरंच हसली. "पण तू मला विचारायचंस ना! मी एका वाक्यात सांगितलं असतं."

"सरप्राइज होतं."

"झालं की," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनेच दुकानदाराला फोन लावला. वळ्यांचा कागदी कोन, कापडी कड, मधली टोपीही कागदाचीच. तो त्याच्याकडे मागच्या फळीवर होता! मी जाऊन त्याला जाब विचारला, तर म्हणाला, "साहेब, तुम्ही मजबूत मागितला होतात. मॅडमनी चांगला मागितला." पुरवठादार माझ्याशी इतकं स्पष्ट कधी बोललेला नाही.

कोन आम्ही घरीच बसवला. आधी सांगाड्यावरचा जुना डिंक सुरीने खरवडला. कोनाच्या बुडाला तारेचं नाजूक वेटोळं असतं, ते चुंबकाच्या खाचेत बरोब्बर मधोमध बसावं लागतं. एका बाजूला केसभर जरी कललं तरी घासतं. म्हणून डिंक वाळेपर्यंत भोवती कागदाच्या पट्ट्या खोचून ठेवायच्या. ना फार जाड, ना फार पातळ. घरातले सगळे कागद लावून बघितले, आणि शेवटी बरोबर बसलं ते माझं ऑफिसचं व्हिजिटिंग कार्ड. हिने कात्रीने माझ्या हुद्द्याच्या पट्ट्या केल्या. माझ्या हुद्द्याने कुणाला काही आधार दिल्याची ही पहिलीच नोंद.

डिंक लावताना ब्रश तिच्या डाव्या हातातून गळला. गळल्याचं तिला कळलं नाही. बोटं ब्रश धरल्यासारखीच राहिली आणि ती कोनाकडे बघत होती. मी ब्रश उचलला आणि तिच्या डाव्या बाजूला सरकून बसलो. मग ती उजव्या हाताने धरायची आणि मी डाव्या हाताने लावायचो. आम्ही दोघं मिळून एक बरा कारागीर झालो. त्या दिवशी आम्ही जेवढं बोललो, तेवढं गेल्या कित्येक महिन्यांत बोललो नव्हतो. सगळं डिंकाबद्दलच होतं, पण बोललो.

ऑपरेशन पुढे झालं, नीट झालं. आता ती पुन्हा रक्त काढते, आणि अधूनमधून गिटारही मांडीवर घेते. हळू वाजवते. चुकली की थांबते आणि तेवढंच पुन्हा वाजवते. त्या हॉलमध्ये ऐकलं होतं तसं ते नाही. तसं ऐकायची माझी ओढ काही गेलेली नाही आणि आता ती जाईल असं वाटतही नाही. पण मला सांगायचंय ते डिंक वाळला त्या दुपारचं, जेव्हा यातलं काहीच झालेलं नव्हतं.

पट्ट्या काढल्या. तिने कोनाला हलकेच आत दाबून बघितलं. घासलं नाही. तारा जोडल्या. मी गिटार आणून तिच्यासमोर धरली.

"मी नाही," ती म्हणाली. "मला तार लागणार नाही. तू वाजव."

"मी? मला टुम-टुडुमसुद्धा येत नाही!"

"काही यायला नको. सगळ्यात जाड तार आहे ना, ती नुसती ओढ आणि सोड."

मी पट्टा गळ्यात अडकवला. गिटार इतकी जड असते हे मला माहीत नव्हतं. ही बाई हे तासन्‌तास खांद्यावर घेऊन उभी राहायची! मी तार ओढली. काहीच झालं नाही. मी पुन्हा ओढली. पुन्हा फसलं सगळं!

"बटण," ती म्हणाली. "अँप्लिफायरचं."

मी बटण दाबलं आणि तार ओढली.

आवाज आला. त्याला सुरुवात होती, माझ्या बोटाची, ओबडधोबड. आणि मग त्याच्यामागून तो स्वर आला, गोल, भरलेला, आणि खोलीतून चालत आल्यासारखा माझ्या बरगड्यांपाशी येऊन थांबला. त्यात कला काही नव्हती. नुसती सोडलेली तार होती. तरी मला भिंतीला टेकावं लागलं.

मी तिच्याकडे बघितलं. ती खोक्याच्या अगदी जवळ सरकली होती. जाळी अजून लावली नव्हती. तिने डावा तळहात कोनावर ठेवला होता, दाबून नव्हे, कागदाला जेमतेम टेकेल असा. डोळे मिटलेले.

"पुन्हा."

मी पुन्हा ओढली. कागद तिच्या हाताखाली थरथरताना मला दिसत होता.

"लागतंय?" मी विचारलं.

एकेक बोट उचलून ती पुन्हा टेकवत होती. तर्जनी. मधलं. मग परत तर्जनी, जास्त वेळ.

"मधलं आहे," ती अगदी हळू म्हणाली. "थोडं. आत कुठेतरी. आहे अजून."

खालून सेक्रेटरींनी छताला काठी ठोकली. मी थांबलो.

"थांबू नकोस," ती डोळे न उघडता म्हणाली. "उद्या डॉक्टरांकडे जाऊ आपण. आता वाजव."

जाड तार नवख्या बोटाला सोलून काढते. माझं बोट लाल झालं, मग त्याला फोड आला. खालची काठी केव्हा थांबली तेही कळलं नाही. मी तार ओढत होतो, सोडत होतो, आणि तिचा हात कागदावर होता.

"पुन्हा," ती म्हणाली.